दप्तरात देश पाहणारा इतिहासाचा मास्तर : डॉ. एरिक विल्यम्स

मागच्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गात मराठीचा तास संपत आला होता आणि शेवटच्या बाकावर दोघांची क्रिकेटवरून कुजबुज चालू होती. मी जवळ गेलो तर एकाने मलाच पंच केले. "सर, वेस्ट इंडिजमें सुनील नारायण है, अकील होसेन है, दिनेश रामदिन था. ये नाम तो अपने इधर के हैं ना? वहाँ कैसे गए?"

प्रश्न चांगला होता. वेस्ट इंडिज नावाचा देशच नाही, ती अनेक बेटे आहेत, क्रिकेटसाठी एकत्र खेळतात, एवढे मी सांगितले. ही तिन्ही नावे त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन बेटांच्या देशातली आहेत, हेही सांगितले. तेवढ्यात घंटा झाली. मुले दप्तरे उचलून पळाली, प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. नारायण आणि हुसेन ही नावे तिथे कशी पोहोचली हे सांगायचे तर त्या देशाचा पहिला पंतप्रधान कोण होता हेही सांगावे लागते. तो पेशाने इतिहासाचा शिक्षक होता. त्याचे नाव डॉ. एरिक विल्यम्स.

रज्जाक नावाचे जहाज

सुरुवात साखरेपासून करावी लागते. युरोपला साखर हवी होती. ऊस कॅरिबियन बेटांवर पिकत होता आणि तो तोडायला आफ्रिकेतून माणसे पकडून, विकत घेऊन, जहाजात कोंबून आणली जात होती. ब्रिटनने 1833 साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली, पण ती मिळाली मालकांना. गुलामांच्या हातात छदामही पडला नाही. उलट 1838 पर्यंत 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना त्याच मालकांकडे राबावे लागले.

सुटका झाल्यावर बरेच लोक मळ्यांकडे पाठ फिरवू लागले. मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. 30 मे 1845 रोजी कोलकात्याहून निघालेले पहिले जहाज त्रिनिदादच्या किनाऱ्याला लागले. त्यात दोनशेहून अधिक भारतीय मजूर होते. जहाजाचे नाव होते 'फतह अल रज्जाक'. रज्जाक म्हणजे रिझ्क देणारा. रोजीरोटीच्या शोधात घर सोडलेल्या माणसांना याच नावाचे जहाज मिळाले. 1917 पर्यंत अशा जहाजांतून सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार लोक त्रिनिदादला गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, काही मद्रासकडचे. आपली मराठी माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसला गेली, त्रिनिदादच्या वाट्याला फारशी आली नाहीत.

करार पाच वर्षांचा असे. परवानगीच्या चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर सापडलात तर तुरुंग. तरीही या लोकांनी आपले सण जपले. मुहर्रमला ताजिये निघत, त्याला तिकडे 'होसे' म्हणतात. त्यात मुसलमानांबरोबर हिंदू मजूर असत आणि आफ्रिकी वंशाचे लोक ढोल वाजवत. आपल्याकडच्या ताबुतांमध्ये सगळा गाव सामील होतो, तसेच. 30 ऑक्टोबर 1884 रोजी सॅन फर्नांडो शहरात शिरू पाहणाऱ्या मिरवणुकांवर इंग्रज सरकारने गोळीबार केला. किमान सोळा माणसे मेली. मळ्यावरचे लोक एकत्र येतात याचीच सरकारला धास्ती होती.

बारा भावंडांतला थोरला

अशा बेटावर, पोर्ट ऑफ स्पेन शहरात, 25 सप्टेंबर 1911 रोजी एरिक विल्यम्स यांचा जन्म झाला. वडील पोस्टात कारकून. घरात बारा मुले, एरिक सर्वांत मोठा. आईच्या माहेरचा धागा एका फ्रेंच जमीनदार घराण्याशी जोडलेला होता, पण त्या नात्याने घरात धान्य येत नव्हते. वडिलांची बढती रंगामुळे आणि ओळखीपाळखीअभावी अडलेली. स्वतःला जे मिळाले नाही ते पोराला मिळावे, या जिद्दीने वडिलांनी एरिकच्या मागे अभ्यासाचा लकडा लावला. आपल्या मोहल्ल्यांत असे बाप कमी नाहीत.

त्या काळी बेटावरून इंग्लंडला शिकायला जायचा एकच रस्ता होता : 'आयलंड स्कॉलरशिप'. दरवर्षी मोजक्याच मुलांना मिळणारी. एरिकला ती पहिल्या झटक्यात मिळाली नाही. पुन्हा बसला, 1931 मध्ये मिळवली आणि 1932 मध्ये ऑक्सफर्डला गेला. वडिलांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. त्याने इतिहास निवडला. क्वीन्स रॉयल कॉलेज या शाळेत त्याला शिकवणाऱ्यांत सी. एल. आर. जेम्स होते, जे पुढे जगभर विचारवंत आणि क्रिकेटचे भाष्यकार म्हणून ओळखले गेले. शाळेतच फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीमुळे एरिकची श्रवणशक्ती मंदावली आणि पुढे आयुष्यभर त्याला कानाचे यंत्र वापरावे लागले. हा तपशील लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

1935 मध्ये तो इतिहासात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. 1938 मध्ये डॉक्टरेट झाली. पण ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजातील फेलोशिप मिळाली नाही आणि त्यामागे आपला रंग होता, ही सल त्याच्या मनात कायम राहिली. 1939 मध्ये तो अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागला.

मालकाच्या दयेचा हिशेब

विल्यम्स यांचे नाव ज्या पुस्तकाने झाले ते 'कॅपिटलिझम अँड स्लेव्हरी'. ते 1944 मध्ये अमेरिकेत निघाले. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध व्हायला त्याला आणखी वीस वर्षे लागली. कारण उघड होते. इंग्रजी शाळांमध्ये शिकवले जात होते की ब्रिटनच्या काही दयाळू माणसांनी मानवतेपोटी गुलामगिरी संपवली. विल्यम्स यांनी जमाखर्चाच्या वह्या उघडल्या.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. काळ्या माणसाला हीन समजले म्हणून गुलामगिरी आली नाही. मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते म्हणून गुलामगिरी आली आणि तिचे समर्थन करण्यासाठी हीनतेची कल्पना नंतर वाढवली गेली. गुलामांच्या व्यापारातून आणि साखरेतून आलेल्या पैशाने लिव्हरपूल, ब्रिस्टल ही बंदरे फुगली आणि ब्रिटनच्या उद्योगांना भांडवल मिळाले. पुढे अमेरिकन वसाहती हातच्या गेल्या, कॅरिबियन साखर महाग पडू लागली, कारखानदारांना खुला व्यापार हवासा वाटू लागला. तेव्हा ती व्यवस्था मोडणे सोपे झाले. दयाळू माणसे होती, हे त्यांनी नाकारले नाही. पण केवळ दयेने साम्राज्ये आपला फायदा सोडत नाहीत, असे त्यांनी दाखवले.

या मांडणीवर पुढे खूप वाद झाला. अमेरिकन इतिहासकार सीमोर ड्रेशर यांनी 1977 मध्ये आकडे मांडून सांगितले की गुलामांचा व्यापार बंद झाला तेव्हा मळे तोट्यात नव्हते. म्हणजे विल्यम्स यांचा प्रत्येक निष्कर्ष जसाच्या तसा टिकला असे नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न अजून टिकून आहे : हा पैसा कुणाचा, आणि घाम कुणाचा?

मैदानातले विद्यापीठ

हॉवर्डमध्ये असतानाच विल्यम्स 'कॅरिबियन कमिशन' या ब्रिटन-अमेरिकेच्या संयुक्त संस्थेत काम करू लागले आणि 1948 मध्ये तिच्याच नोकरीवर त्रिनिदादला परतले. साहेबांच्या संस्थेत राहून साहेबांवर टीका करणारा माणूस किती दिवस टिकणार? जून 1955 मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही.

21 जूनच्या संध्याकाळी ते पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड चौकात उभे राहिले आणि हजारो लोकांसमोर संस्थेने आपल्याशी कसा व्यवहार केला त्याचा सगळा पाढा वाचला. आता आपण कुठेही जाणार नाही, इथेच राहणार, असे त्यांनी जाहीर केले. चौकाला एका इंग्रज गव्हर्नरचे नाव होते. विल्यम्स यांनी त्याला 'वुडफर्ड स्क्वेअर विद्यापीठ' म्हणायला सुरुवात केली.

ते नुसते नाव नव्हते. बंदरावरचे हमाल, शिक्षिका, बसचालक, बाजारात भाजी विकणाऱ्या बाया संध्याकाळी तिथे येत आणि हा काळा चष्मा लावलेला माणूस त्यांना राज्यघटना, गुलामगिरीचा इतिहास, साखरेचे भाव समजावून सांगे. एक वर्ष आधी सार्वजनिक वाचनालयात एका ख्रिस्ती धर्मगुरूबरोबर त्यांचा वाद रंगला होता, विषय ॲरिस्टॉटल आणि शिक्षण. लोक त्यालाही गर्दी करून आले होते. गरीब माणसाला गंभीर विषय कळत नाहीत असे मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

जानेवारी 1956 मध्ये त्यांनी 'पीपल्स नॅशनल मूव्हमेंट' हा पक्ष काढला. स्थापनेपासूनच्या साथीदारांत कमालुद्दीन मोहम्मद होते, रेडिओवर भारतीय संगीताचा कार्यक्रम चालवून लोकप्रिय झालेले मुस्लिम तरुण. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पक्षाने 24 पैकी 13 जागा जिंकल्या. विल्यम्स मुख्यमंत्री झाले आणि कमालुद्दीन मंत्री.

एक वाईट भाषण

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. आपल्याकडे थोर पुरुषांची चरित्रे इथेच हार घालून संपवतात. पण पुढचे सांगितले नाही तर ती इतिहासाची बेइमानी होईल.

1958 मध्ये वेस्ट इंडिजच्या संघराज्याच्या निवडणुका झाल्या. त्रिनिदादच्या दहा जागांपैकी सहा विरोधी डेमोक्रॅटिक लेबर पार्टीने जिंकल्या. त्या पक्षाला भारतीय वंशाच्या मतदारांचा मोठा पाठिंबा होता. 1 एप्रिल 1958 रोजी विल्यम्स यांनी वुडफर्ड चौकातच भाषण केले. त्यांचा तोल गेला. विरोधात मत देणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांचे वर्णन त्यांनी हेकट आणि वैरभाव बाळगणारे अल्पसंख्य असे केले आणि हे लोक देशाची बदनामी करत आहेत असे सुचवले.

शब्द थोडेच होते. पण भारतीय वंशाच्या घरांमध्ये ते आजही विसरले गेलेले नाहीत. ज्यांच्या आजोबांनी त्या मातीत ऊस तोडला, ज्यांच्या ताजियांवर गोळ्या चालल्या, त्यांना एका निवडणुकीच्या निकालावरून परके ठरवले गेले. तेही कुणी? हीनतेची कल्पना सत्ता आणि पैसा कशी तयार करतात हे ज्याने जगाला समजावले, त्या माणसाने. मला वाटते, ज्ञान असणे आणि रागाच्या क्षणी ते ज्ञान जिभेवर राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या समाजाला प्रत्येक निवडणुकीनंतर आपल्या मताचा हिशेब विचारला जातो, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चहाच्या सुट्टीतला समझोता

1961 मध्ये जमैकाने सार्वमत घेऊन संघराज्यातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि विल्यम्स यांनीही स्वतंत्र वाट धरली. चागुआरामास येथील अमेरिकन नौदल तळासाठी त्यांनी आधीच लढा दिला होता. महायुद्धात ब्रिटनने जुन्या युद्धनौकांच्या बदल्यात ती जमीन 99 वर्षांच्या भाड्याने देऊन टाकली होती आणि बेटावरच्या लोकांना कुणी विचारलेही नव्हते. 22 एप्रिल 1960 रोजी भर पावसात विल्यम्स यांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला. पुढच्या वर्षी अमेरिकेला नवा करार करावा लागला.

पण घरातले भांडण मिटले नव्हते. 1961 ची निवडणूक विल्यम्स यांनी जिंकली, 30 पैकी 20 जागा. वातावरण मात्र बिघडले होते. शेजारच्या ब्रिटिश गयानामध्ये फेब्रुवारी 1962 मध्ये दंगल आणि जाळपोळ झाली होती, पुढे तिथे आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या लोकांत रक्तपात झाला. त्रिनिदादही त्याच वाटेने जाईल अशी भीती होती.

मे 1962 मध्ये लंडनच्या मार्लबरो हाउसमध्ये घटना परिषद भरली. एका बाजूला विल्यम्स, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षनेते डॉ. रुद्रनाथ कपिलदेव, गणिताचे विद्वान आणि लेखक व्ही. एस. नायपॉल यांचे मामा. बोलणी अडून बसली. शेवटी चहाच्या सुट्टीत दोघे बाजूला गेले आणि आपसांत बोलले. विल्यम्स यांनी आश्वासने दिली : महत्त्वाच्या नेमणुकांत विरोधी पक्षनेत्याशी सल्लामसलत, निवडणुकांसाठी स्वतंत्र आयोग, मूलभूत तरतुदी साध्या बहुमताने बदलता येणार नाहीत अशी व्यवस्था. कपिलदेव यांनी ती मान्य केली. 31 ऑगस्ट 1962 रोजी देश स्वतंत्र झाला, रक्त न सांडता. 1960 च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या होती साधारण सव्वाआठ लाख, त्यात भारतीय वंशाचे लोक एक तृतीयांशाहून जास्त.

त्याच दिवशी विल्यम्स यांचे देशाच्या इतिहासाचे पुस्तक प्रसिद्ध झाले, साधारण महिनाभरात लिहिलेले. त्यात त्यांनी सर्वांना सांगितले की भारतातून आलेल्यांना भारत, आफ्रिकेतून आलेल्यांना आफ्रिका किंवा गोऱ्यांना इंग्लंड आता आई मानता येणार नाही. आई एकच, त्रिनिदाद आणि टोबॅगो, आणि आई लेकरांमध्ये भेद करू शकत नाही. 1958 चे भाषण करणाऱ्या माणसानेच हे लिहिले. दोन्ही खरे आहे.

दप्तराची गोष्ट

शिक्षक म्हणून मला त्यांचे सर्वांत मोठे काम शाळांचे वाटते. पूर्वी माध्यमिक शिक्षण फी भरणाऱ्यांसाठी होते. मळ्यांवरची भारतीय मुले बहुतेक कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळांत शिकत आणि पुढे शिक्षकाची नोकरी हवी तर अनेकांना धर्म बदलणे सोयीचे पडे. विल्यम्स यांच्या सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत केले. डिसेंबर 1960 मध्ये धार्मिक संस्थांशी समझोता केला : शाळा संस्थांच्याच राहतील, पण 80 टक्के जागा सार्वजनिक परीक्षेच्या गुणांवर भरल्या जातील, 20 टक्के मुख्याध्यापकांच्या हाती राहतील. ऊसतोड मजुराची मुलगी आणि व्यापाऱ्याचा मुलगा एकाच बाकावर येण्याची वाट त्यातून उघडली. ईद आणि दिवाळी दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या झाल्या, त्याही त्यांच्याच कारकिर्दीत.

स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शाळकरी मुलांसमोर भाषण केले. देशाचे भवितव्य तुमच्या दप्तरात आहे, असे त्यांनी मुलांना सांगितले. मैदानात जमलेल्या त्या पोरांना किती समजले असेल कुणास ठाऊक, पण त्यांनी ते म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवले.

कानाचे यंत्र

सत्ता लांबली तसा मास्तर एकटा पडत गेला. ज्या जेम्स सरांनी शाळेत शिकवले, पुढे पक्षाचे वर्तमानपत्र चालवले, ते 1965 मध्ये क्रिकेट मालिकेसाठी मायदेशी आले तेव्हा त्यांना घरातच नजरकैदेत ठेवले गेले. 1970 मध्ये बेकार तरुण रस्त्यावर उतरले. स्वातंत्र्य मिळाले, पण बँका आणि साखर अजून गोऱ्यांकडेच, हा त्यांचा सवाल होता. विल्यम्स यांच्याच पुस्तकातून आलेला. 12 मार्चला हे आफ्रिकी वंशाचे तरुण भारतीयांच्या ऊसपट्ट्यात, कारोनीपर्यंत चालत गेले, एकीची हाक देत. 21 एप्रिलला आणीबाणी लागली. त्याच दिवशी सैन्यातल्या एका गटाने बंड केले. त्याचे नेतृत्व करणाऱ्यांत लेफ्टनंट रफीक शाह हा भारतीय वंशाचा तरुण अधिकारी होता. बंड मोडले. 1971 ची निवडणूक विरोधकांनी बहिष्कारली आणि पक्षाने सर्वच्या सर्व 36 जागा जिंकल्या. समोर कुणी नसताना मिळालेला विजय किती पोकळ असतो, हे इतिहासाच्या मास्तराला सांगायला नको होते.

1973 नंतर तेलाचे भाव भडकले आणि देशात पैसा आला. कारखाने आले, शाळा वाढल्या, भ्रष्टाचारही आला. विल्यम्स लोकांपासून दूर होत गेले. संसदेत नावडते भाषण सुरू झाले की ते कानाचे यंत्र बंद करून बसत, असे तिकडे आजही सांगतात. चौकात उभे राहून हजारोंना बोलायला शिकवणाऱ्याने शेवटी ऐकणे सोडले. 29 मार्च 1981 रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. सलग पंचवीस वर्षे सत्ता त्यांच्या हाती होती.

त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न आला तेव्हा पक्षाच्या तीन उपनेत्यांत कमालुद्दीन मोहम्मद सर्वांत ज्येष्ठ होते. राष्ट्राध्यक्षांनी जॉर्ज चेंबर्स यांची निवड केली. नाव वेगळे असते तर निवडही वेगळी झाली असती का, असे अनेकांनी तेव्हा विचारले. पण गोष्ट तिथे संपली नाही. सहाच वर्षांनी, 1987 मध्ये, न्यायमूर्ती नूर हसनअली देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. दोन्ही अमेरिका खंडांतले ते पहिले मुस्लिम राष्ट्रप्रमुख. 1995 मध्ये बासदेव पांडे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. चहाच्या सुट्टीत ठरलेली घटना आणि परीक्षेच्या गुणांवर भरलेली शाळा, दोन्हींनी आपले काम केले होते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी एवढेच सांगितले : "वो लोग वहीं के हैं, बेटा. उनके परदादा इधर से गए थे." तो म्हणाला, "फिर उधरवाले उनको अपना मानते हैं क्या?" मी म्हणालो, "कभी माने, कभी नहीं माने. उन्होंने वोट दिया, पढ़ाई की, और टिके रहे." त्याने मान हलवली आणि वही उघडली.